मुलाचं मैदान सुटू नये म्हणून

या आठवड्यात खरं म्हणजे आपण वर्षाच्या साठवणीच्या डाळींबद्दल बोलणार होतो. पण टपालात कळंबहून एक पत्र आलं आणि ते तसंच बाजूला सारून डाळ-तांदळाचं लिहायला मन घेईना. कळंब म्हणजे यवतमाळ जिल्ह्यातलं, चिंतामणीचं कळंब. नागपूरहून यवतमाळला जाताना वाटेत लागतं ते.

पत्र लिहिणाऱ्या भगिनीचं नाव मी अर्थातच देत नाही. मुलगा आठवीत आहे. डाव्या हाताने फिरकी चेंडू टाकतो आणि छान टाकतो. पण आवाज बारीक, चालणं-बोलणं नाजूक, बहिणीबरोबर अंगणात रांगोळी काढायला बसतो. संघातली मुलं त्याला 'बायल्या' म्हणतात. शिकवणारे रागवायचे सोडून स्वतःही हसतात. दिवाळीपासून त्याने मैदानावर जाणंच सोडलं. खेळाचा तास आला की पोट दुखतं. 'घुम्यासारखा बसून राह्यते' असं तिने लिहिलंय. सासूबाई म्हणतात, कुणा जाणत्याला दाखवून आणा. यजमान म्हणतात, दोन ठेवून दिल्या की सुधरेल. आणि अशात एका रात्री तिने मोबाइलवर क्रिकेटपटू संजय बांगर यांच्या मुलीची मुलाखत पाहिली. तेव्हापासून डोळ्याला डोळा नाही. शेवटी तिने विचारलंय, 'ताई, माह्यं पोरगं तसं तं नसंल? आन् असंल तं त्याचं खेळणं कायमचं गेलं का?'

प्रश्न दोन आहेत. आधी दुसरा घेऊ, कारण ही मुलाखत तुमच्यापैकीही पुष्कळ जणींनी पाहिली असेल, आणि तिच्याबद्दल अर्धवट ऐकून पूर्ण मत बनवणाऱ्याही कमी नसतील.

संजय बांगर आपल्या बीडचे. घरातल्या क्रिकेटवेड्या मंडळींना विचारा, २००२ साली इंग्लंडमध्ये हेडिंग्लेच्या कसोटीत सलामीला येऊन त्यांनी काढलेल्या ६८ धावा त्यांना आठवतील. त्या दिवशी द्रविडबरोबर त्यांनी १७० धावांची भागीदारी केली आणि पुढे तो सामना भारताने डावाने जिंकला. २०१४ ते २०१९ ते भारतीय संघाचे फलंदाजीचे प्रशिक्षक होते. त्यांच्या घरात मुलगा म्हणून जन्मलेलं मूल मुंबईत क्रिकेट खेळलं, वयोगटाच्या सामन्यांत आज नावारूपाला आलेल्या खेळाडूंबरोबर उतरलं, पुढे इंग्लंडमध्ये क्लबकडूनही खेळलं. तेच मूल आज अनाया बांगर या नावाने मुलगी म्हणून जगतं आहे. आठ-नऊ वर्षांची असताना आईच्या कपाटातले कपडे घालून ती आरशापुढे उभी राहायची आणि 'मी मुलगी आहे' असं स्वतःला सांगायची, असं तिने २०२५ मधल्या मुलाखतीत सांगितलं. मैदानावर मात्र हे सगळं लपवून ठेवावं लागायचं.

२०२४ च्या नोव्हेंबरात तिने आपण संप्रेरकांचे म्हणजे हार्मोनचे उपचार घेत असल्याचं जाहीर केलं. या उपचारांनी अंगातली ताकद कमी होत गेली आणि ज्या खेळावर जीव टाकला तो खेळच हातातून निसटतो आहे, हेही तिने लिहिलं. पण ती रडत बसली नाही. मँचेस्टरच्या विद्यापीठात तिने आपल्या शरीराची तपासणी करून घेतली. स्नायूंची ताकद, दम, रक्तातला प्राणवायू असं सगळं मोजलं गेलं. जून २०२५ मध्ये तो अहवाल लोकांपुढे ठेवून तिने भारतीय क्रिकेट मंडळाला आणि आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेला विनंती केली, की माझ्यासारख्या खेळाडूंचा विचार भीतीने करू नका, मोजमापाने करा. आपल्याकडे क्रिकेटच्या घरातून कुणी उघडपणे इतकं बोललेलं मला तरी आठवत नाही.

आता परिषदेचा नियम काय तो पाहा. २१ नोव्हेंबर २०२३ ला ठरलं, की ज्या व्यक्तीचं शरीर पुरुषासारखं वयात आलं आहे तिने पुढे उपचार घेतले तरी तिला बायकांच्या आंतरराष्ट्रीय सामन्यात खेळता येणार नाही. त्याच वर्षी डॅनिएल मॅकगाही ही खेळाडू कॅनडाच्या महिला संघातून खेळली होती, तिचीही वाट त्याने बंद झाली. मे २०२५ मध्ये इंग्लंडच्या मंडळाने तर साध्या हौशी महिला क्रिकेटमध्येही अशा खेळाडूंना मनाई केली. खुल्या आणि मिश्र सामन्यांची दारं तेवढी उघडी ठेवली.

'हा अन्याय नाही का?' असं काही जणी विचारतील. 'मग आमच्या मुलींचं काय?' असं दुसऱ्या काही जणी विचारतील. दोन्ही प्रश्न खरे आहेत. मुलगा वयात येतो तेव्हा त्याची उंची वाढते, हाडं रुंद होतात, स्नायू भरतात. पुढे संप्रेरकं घेतली तर काही महिन्यांत रक्तातलं हिमोग्लोबिन बायकांच्या पातळीला उतरतं, ताकद मात्र फार सावकाश कमी होते आणि उंची तर होती तेवढीच राहते. हा फरक कोणत्या खेळात किती महत्त्वाचा, यावर डॉक्टरांत आणि खेळाडूंत अजून मतभेद आहेत. एकट्या अनायाच्या तपासणीने तो वाद मिटणारा नाही. ज्या आईची लेक पहाटे उठून धावायला जाते, तिने तिच्या स्पर्धेची काळजी करावी यात वावगं काही नाही.

पण मैत्रिणींनो, इथेच आपली एक गफलत होते. देशाच्या महिला संघात कोण खेळणार हा प्रश्न एक, आणि आपल्या आळीतलं पोर मैदानावर जाऊ शकतं की नाही हा प्रश्न अगदी निराळा. पहिला प्रश्न फार थोड्या खेळाडूंपुरता आहे आणि तो सोडवायला मोठमोठी मंडळं बसलेली आहेत. दुसरा हजारो मुलांचा आहे आणि तो तुमच्या-माझ्या घरात, शाळेच्या आवारात रोज सुटतो किंवा बिघडतो. पहिल्याचं उत्तर दुसऱ्याला लावून आपण मोकळ्या होतो. कळंबच्या शाळेतल्या आठवीच्या मुलाने टेनिसच्या चेंडूने खेळावं की नाही, याच्याशी परिषदेच्या नियमाचा काडीइतका संबंध नाही. तेव्हा ताई, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सरळ आहे. त्याचं खेळणं कोणत्याही नियमाने गेलेलं नाही. गेलं असलंच तर ते चार पोरांच्या जिभेने आणि एका मोठ्या माणसाच्या हसण्याने. आणि जे जिभेने गेलं ते परत आणता येतं.

पोलीस भरतीचं उदाहरण तुम्हाला जवळचं वाटेल. आपल्या भागात पहाटे रस्त्यावर धावणारी मुलं-मुली दिसतात, ती बहुतेक भरतीच्या तयारीची असतात. मुलींना ८०० मीटर, मुलांना १६०० मीटर, शिवाय १०० मीटर आणि गोळाफेक. सातारा जिल्ह्यातल्या आर्या पुजारी या पारलिंगी मुलीने २०२२ साली भरतीचा अर्ज भरायचा ठरवला, तर अर्जात स्त्री आणि पुरुष असे दोनच रकाने. ती दाद मागायला गेली. सरकारचं म्हणणं होतं की यात अडचणी फार आहेत. डिसेंबर २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सरकारला सांगितलं, अर्जात तिसरा रकाना ठेवा, फेब्रुवारी २०२३ अखेरपर्यंत या उमेदवारांच्या शारीरिक चाचणीचे नियम करा आणि मगच चाचणी घ्या. न्यायालयाने कुणाला फुकट नोकरी दिली नाही बरं का! चाचणीत उतरणं न उतरणं ज्याच्या त्याच्या पायांवर. रेषेवर उभं तर राहू द्या, एवढंच म्हणणं होतं.

आणि ही झळ फक्त अशा मुलांनाच लागते असं समजू नका. 'ही मुलगी मुलासारखी दिसते' या एका संशयाने मुलीच्या पोटी जन्मलेल्या, मुलगी म्हणूनच वाढलेल्या लेकी होरपळल्या आहेत. तामिळनाडूत वीटभट्टीवर राबणाऱ्या आईबापांची शांती सौंदरराजन २००६ च्या दोहा एशियाडमध्ये ८०० मीटरला रुपेरी पदक घेऊन आली. नंतरच्या तपासणीवरून ते पदक काढून घेतलं गेलं, आणि तिच्या शरीराची चर्चा घराघरांत टीव्हीपुढे झाली. ती जीव द्यायला निघाली होती. पुढे तिने सावरून मुलांना धावायला शिकवलं. ओडिशातल्या विणकराची मुलगी द्युती चंद हिला २०१४ मध्ये, अंगातलं एक नैसर्गिक संप्रेरक जास्त आहे म्हणून, राष्ट्रकुल स्पर्धेच्या संघातून वगळलं. तिने स्वित्झर्लंडमधल्या क्रीडा लवादाकडे दाद मागितली, २०१५ मध्ये तो नियम स्थगित झाला आणि २०१८ च्या एशियाडमध्ये तिने दोन रौप्यपदकं आणली. २०१९ मध्ये तिने आपलं प्रेम एका मुलीवर आहे हेही सांगून टाकलं. घरातून विरोध झाला, तरी तिने शब्द मागे घेतला नाही. भरतीसाठी केस कापलेल्या, रुंद खांद्यांच्या आपल्या मुलींना आपण काय काय म्हणतो, ते जरा आठवून पाहा.

आता पहिला प्रश्न. 'माह्यं पोरगं तसं तं नसंल?'

'तसं' म्हणजे कसं, ते आधी समजून घेऊ. आपण सगळ्यांची एकाच शब्दात मोट बांधतो. काहींना आपल्याच लिंगाच्या व्यक्तीबद्दल ओढ वाटते, ते समलिंगी. काहींना शरीर मुलाचं असून आतून आपण मुलगी आहोत असं वाटतं किंवा याच्या उलट, ते पारलिंगी. आणि काहींचं शरीरच जन्मतः पुरतं बाईचं किंवा पुरतं पुरुषाचं नसतं. तिन्ही गोष्टी वेगळ्या. याशिवाय चौथी गोष्ट म्हणजे नुसता नाजूक स्वभाव. रांगोळी काढणारा, हळू बोलणारा मुलगा यातलं काहीच नसू शकतो. तेराव्या-चौदाव्या वर्षी बाहेरून बघून कुणालाच हे ठरवता येत नाही, आणि तुम्हीही ठरवायला जाऊ नका. खिचडीवरचं झाकण दर मिनिटाला उघडून पाहिलं तर ती शिजत नाही. वेळ आली की तो सांगेल. सांगावंसं वाटेल असं घर मात्र आजपासून ठेवा.

म्हणून आता काय करायचं ते घरगुती भाषेत सांगते.

सगळ्यात आधी, त्याची उलटतपासणी घेऊ नका. 'तुला मुली आवडतात ना रे?' असले प्रश्न नकोत. शेंगा सोलताना, भाजी निवडताना त्याला शेजारी बसवा आणि एवढंच म्हणा, 'मैदानावर तुला काय म्हणतात ते मला कळलंय. चूक त्यांची आहे, तुझी नाही.' एवढ्या दोन वाक्यांनी मुलाच्या छातीवरचं ओझं उतरतं. उत्तराची घाई करू नका.

दुसरं म्हणजे कुणाकडे 'उतरवायला' नेऊ नका. अंगारा-धुपारा नको आणि 'महिनाभरात सुधारून देतो' म्हणणारा डॉक्टरही नको. समलिंगी असणं हा आजार नाही, असं देशातल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ मध्ये स्पष्ट सांगितलं. त्याच वर्षी सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयाने तो गुन्हाही नाही असा निकाल दिला. आणि असं 'बदलून देण्याचे' उपचार करणं हे डॉक्टरी पेशाला न शोभणारं वर्तन आहे, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये ठरवलं. सासूबाईंना हे सांगताना वाद घालू नका. 'डॉक्टरांनीच नको म्हटलंय' हे वाक्य आपल्याकडे अजून चालतं, ते वापरा.

तिसरं काम शाळेचं. खेळाच्या सरांना गर्दीत गाठू नका, शाळा सुटल्यावर भेटा. रडू नका, भांडू नका. नेमकं मागा. संघात मुलांना नावानेच हाक मारली जावी, टोपणनाव चालणार नाही. ज्याचा चेंडू चांगला त्याला षटकं मिळावीत. आणि हसणाऱ्याला सरांनी तिथल्या तिथे गप्प करावं. पंधरा दिवसांत फरक पडला नाही तर मुख्याध्यापकांना लेखी द्या आणि एक प्रत स्वतःजवळ ठेवा. लेखी कागदाचं वजन वेगळं असतं. पारलिंगी व्यक्तींसाठी केंद्र सरकारने २०१९ मध्ये जो कायदा केला, त्याच्या १३ व्या कलमात सरकारमान्य शिक्षणसंस्थांनी अशा मुलांना शिक्षणाबरोबर खेळाचीही संधी भेदभाव न करता द्यावी असं घातलं. कायद्याने पारलिंगी मुलाला हसून घालवता येत नसेल, तर ज्याच्याबद्दल काहीच ठाऊक नाही अशा पोराला कसं घालवता येईल?

चौथं अगदी लहान आहे, पण फार उपयोगी. मुलांचा छळ पुष्कळदा कपडे बदलण्याच्या खोलीत आणि मुताऱ्यांपाशी होतो. खेळाच्या दिवशी त्याला घरूनच खेळाचे कपडे घालून पाठवा, वरून शाळेचा शर्ट. घरी येऊन अंघोळ करू दे. आणि जाता-येता सोबतीला एक भरवशाचा मित्र बघून ठेवा. त्या मित्राला अधूनमधून घरी खायला बोलवा. एक मित्र शंभर उपदेशांना भारी असतो.

पाचवं, यजमानांचं. ते रागावतात ते बहुधा भीतीने. लोक काय म्हणतील, पोराचं कसं होईल, ही ती भीती. दमून आल्याबरोबर विषय काढू नका. सुटीच्या दिवशी म्हणा, 'तुम्ही त्याला अर्धा तास फलंदाजी करून दाखवा ना.' वडिलांनी स्वतः त्याचे चेंडू खेळून पाहिले, आणि एखाद्या चेंडूवर त्रिफळा उडाला, की पुढचं बोलणं सोपं होईल. मारून आवाज जाड होत नाही, मूल तेवढं मुकं होतं, हेही त्यांच्या कानावर घाला.

सहावं मात्र आपलं सगळ्यांचं. आपल्या घरात 'पोरीसारखा रडू नकोस' हे वाक्य दिवसातून किती वेळा होतं ते मोजा. लग्नकार्यात, भिशीत, ओट्यावर 'तो बघ कसा चालतो' म्हणून आपणच हसतो. ते आपली मुलं ऐकतात आणि दुसऱ्या दिवशी मैदानावर नेतात. 'बायल्या' हा शब्द त्या पोरांनी काही आभाळातून आणला नाही. शिवाय गंमत बघा, त्या शिवीतला अपमान आपलाच आहे. बाईसारखं असणं हे हिणकस, असंच ना तो शब्द सांगतो?

सातवं, आणि हे कधीही उद्यावर टाकू नका. मूल जेवेना, झोपेना, 'मी नसतो तर बरं झालं असतं' असं काही बोललं, तर त्याला एकटं ठेवू नका. १४४१६ हा सरकारच्या टेली-मानस सेवेचा फोन आहे. त्याला पैसे पडत नाहीत, तो रात्रंदिवस चालू असतो आणि मराठीत बोलता येतं. कळंबकरांना यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय जवळ आहे. तिथे 'पोरगं बदलून द्या' म्हणून जायचं नाही. 'पोरगं खचलंय, त्याला उभं राहायला मदत करा' असं म्हणून जायचं.

आणि समजा, उद्या त्याने खरंच सांगितलं, 'आई, मी तसाच आहे,' तर? तर तुम्ही पहिल्या आई नाही. आपल्या मराठी नाटक-चित्रपटांतल्या चित्रा पालेकर आपली मुलगी समलिंगी आहे हे मोकळेपणाने सांगत आल्या. कलम ३७७ च्या खटल्यात आपल्या मुलांच्या बाजूने सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेल्या पालकांमध्ये त्याही होत्या. सगळ्यांनाच दिल्ली गाठायची गरज नाही. आपल्याला शाळेच्या फाटकापर्यंत जाता आलं तरी पुष्कळ झालं.

मोठ्या मैदानांचे नियम पुढेही बदलत राहतील, काही अनायासारख्यांच्या बाजूने, काही विरुद्ध. ते वाचा, त्यावर बोला, मतभेद असले तरी असू द्या. पण शाळेमागच्या त्या धुळीच्या मैदानावर कोण खेळणार हे ठरवायला कुठलं मंडळ बसलेलं नाही. तिथे आपणच आहोत.

तुमच्या गावात, तुमच्या शाळेत कुणी शिक्षकांनी अशा मुलाला नीट सांभाळून घेतलं असेल तर जरूर कळवा. नावगाव छापणार नाही, पण त्यांनी काय केलं ते इतर आयांना उपयोगी पडेल. डाळींचं पुढच्या आठवड्यात नक्की. तोवर डब्यांना ऊन तेवढं दाखवून ठेवा.